अडलेल्या ओळीवरचं बोट

लुसीबाई स्वतःसाठी वाचतानाही ओळीखालून बोट फिरवायच्या. जन्मभर पहिलीचा वर्ग घेतल्यामुळे ती सवय लागली असावी. मुरबाडच्या आमच्या वाचनालयात खिडकीजवळच्या बाकावर त्या कादंबरी घेऊन बसल्या की मला माझ्या टेबलावरून ते बोट दिसायचं. नखाच्या कडेला खडू साचलेला असायचा. बोट संथपणे सरकत असायचं, मध्येच एखाद्या शब्दावर थांबायचं आणि मग पुढे जायचं.

त्यांच्या वर्गावरून जाताना एक वाक्य हमखास कानावर पडायचं. "अडलं तर अडू दे. बोट काढू नकोस." एखादं पोर जोडाक्षरापाशी अडखळलं की आढ्याकडे बघत मनानेच काहीतरी ठोकून द्यायचं. मग बाई त्याचं बोट धरून पुन्हा त्या अक्षरावर ठेवायच्या. "अंदाजाने म्हणायचं नाही. येत नाही तर गप्प राहा. पण बोट तिथंच ठेव." शेजारच्या वर्गाचे पवार गुरुजी त्यांची थट्टा करायचे, "बाई, तुमची पोरं चौथीत गेली तरी पहिल्या धड्यावरच बोट ठेवून बसतील." बाई म्हणायच्या, "बसू द्या. खोटं तर वाचणार नाहीत."

आम्ही शेजारी राहत होतो. कौलारू चाळ, दोन-दोन खोल्या, आणि मधली भिंत छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे त्यांच्या फोडणीचा वास आमच्याकडे यायचा आणि आमची भांडणं त्यांच्याकडे जायची. त्या मूळच्या वसईकडच्या. लग्नानंतर नोकरीसाठी मुरबाडला आल्या. नवरा जोसेफ भातसानगरला धरणावर इलेक्ट्रिशियन होता. आठवडाभर तिकडच्या वसाहतीत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. मूलबाळ नव्हतं. पहिल्या रविवारी माझ्या बायकोने, सुमनने, त्यांना विचारलं, "कुठं निघालात एवढ्या सकाळी?" त्या म्हणाल्या, "कल्याणला, देवळात." सुमनने लगेच आत जाऊन एक नारळ आणून दिला, "माझ्याही नावाने वाढवा." त्यांच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात, हे आम्हाला पुढे कळलं. नारळ त्यांनी नेला. फादरांनी त्याचं काय केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि सुमननेही विचारलं नाही.

फेब्रुवारी सरता सरता त्यांचा उपवासकाळ यायचा. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. आदल्या दिवशी त्या वाचनालयात येऊन अर्धी वाचलेली कादंबरी माझ्या टेबलावर ठेवायच्या. पानांत एसटीचं तिकीट खूण म्हणून घातलेलं असायचं. "ईस्टरपर्यंत बाजूला ठेवा. कुणाला देऊ नका, आणि पान हरवू नका." एकदा मी म्हटलं, "अहो, ऐन रंगात आलीय, संपवून टाका की." त्या म्हणाल्या, "रंगात आलीय म्हणून तर ठेवायची." मासळीचंही तसंच होतं. त्यांच्या धर्मात त्या दिवसांत मटण वर्ज्य, मासळी चालते. पण बाई मासळीच सोडायच्या. "मटण मला आवडतच नाही, ते सोडून काय उपयोग? मला आवडतो तो सुका बोंबील." दिवसातून एकदा जेवायच्या, आणि भाताला तांदूळ घेताना त्यातले मूठभर काढून पितळेच्या डब्यात टाकायच्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी तो डबा शाळेमागच्या एका म्हातारीकडे जायचा.

सुमनला उपास म्हटलं की साबुदाणाच आठवणार. पहिल्याच शुक्रवारी तिने भरपूर दाण्याचं कूट घातलेली खिचडी झाकून नेली. "उपासाची आहे, खाऊन घ्या." बाईंनी ताट हातात घेतलं आणि त्यांना हसू आवरेना. "वहिनी, तुमचा उपास म्हणजे आमचा सण हो." पण त्यांनी ती खिचडी खाल्ली आणि संध्याकाळी माझ्याकडे कबुली दिल्यासारखं बोलल्या. "नको म्हणाले असते तर वहिनींना लागलं असतं. दोन्हीतलं काय मोडायचं ते कळेना." पुढे दर शुक्रवारी खिचडी जातच राहिली. बाई त्यातला एक घास खायच्या आणि बाकीची वर्गातल्या पोरांना वाटायच्या. पोरं मात्र बाईंच्या उपासाची वाट बघायची.

गावात ख्रिस्ताची मूर्ती नव्हती, की देवळाच्या भिंतीवर लावतात ती चौदा चित्रंही नव्हती. क्रूसाची वाट म्हणून एक भक्ती असते. ख्रिस्त क्रूस घेऊन कसा चालला, कुठे पडला, कुणी त्याचं तोंड पुसलं, ते एकेका ठिकाणी थांबून आठवायचं. बाईंनी ती वाट माळशेजच्या रस्त्यावर बसवली होती. शाळा सुटल्यावर शुक्रवारी निघायच्या. पिठाची गिरणी हे पहिलं ठिकाण, मग गुरांचा दवाखाना, मग एक आंब्याचं झाड, मग विजेचे खांब. प्रत्येक ठिकाणी मान खाली घालून क्षणभर उभ्या राहायच्या आणि पुढे निघायच्या. गिरणीवाला सगळ्यांना सांगायचा, "बाईंना शुगर हाय. डाक्टरनी चालायला लावलंय." बाईंनी त्याचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्याच रस्त्यावर जोसेफ गेला.

धरणावरच्या एका सोबत्याच्या लग्नाला तो वैशाखऱ्याला गेला होता. परतताना काळी-पिवळी जीप मिळाली. नेहमीप्रमाणे माणसं कोंबलेली, दोघं मागे लटकलेले. वैशाखऱ्याच्या अलीकडे मोरीपाशी जीप उलटली. बाकीच्यांना खरचटलं, हात-पाय मोडले. जोसेफ खाली सापडला. तो जिवंत होता आणि बोलत होता. गणपत नावाचा ड्रायव्हर त्याच गावचा. त्याने दोघांना बाहेर ओढलं, जोसेफकडे पाहिलं, आणि रानात पळाला. लोक मारतील म्हणून पळालो, असं त्याने पोलिसांना सांगितलं. दुसरी गाडी यायला वेळ लागला, आणि तोवर जोसेफ गेला होता. पुढे केस चालली, गणपतला थोडी शिक्षा झाली. तो सुटून आला आणि शेती करू लागला. जीप पुन्हा चालवली नाही.

बाई रजेवरून परत आल्या त्या दिवशीच त्यांनी वर्ग घेतला. फक्त त्यांची ती शुक्रवारची वाट आखूड झाली. शेवटच्या खांबाच्या अलीकडूनच त्या परत फिरायच्या. मोरी तिथून फार लांब होती, पण त्या दिशेला पाहायच्याही नाहीत.

मला दुसरंच काही जाणवलं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला बाई मोठ्याने प्रार्थना करायच्या. ती भिंतीवरून आमच्याकडे यायची आणि इतक्या वर्षांत मला अर्धीअधिक पाठही झाली होती. स्वर्गातल्या बापाला उद्देशून असलेली त्यांची ती रोजची प्रार्थना. तिच्यात भाकरी मागून झाल्यावर माफी मागतात. आता बाई तिथे थांबू लागल्या. एका ओळीएवढी शांतता, आणि मग पुढचे शब्द. मला वाटलं दुःखाने विसर पडतो आहे. पण दिवस गेले, वर्ष गेलं, खंड तसाच राहिला.

एकदा वाचनालय बंद करताना मी विचारलंच. "बाई, प्रार्थनेत मध्ये थांबता का हो?"

त्यांना राग आला असेल असं मला वाटलं. त्या बाकावर बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या ओळीत आपण देवाला सांगतो, आम्ही आमच्या अपराध्यांना माफ केलं आहे, तशी तू आम्हाला माफी कर. मी केलेलं नाही. मग खोटं कशी म्हणू?"

"पण मग तुम्हालाही..."

"हो. मलाही नाही. ते मागणंच राहून जातं." त्यांनी पुस्तकाची कडा अंगठ्याने सरळ केली. "फादर म्हणाले, इच्छा असली तरी पुरे. पण मला इच्छाही होत नाही. तो पाठ फिरवून पळाला ना, ते दिसतं. मी प्रसादाला उठतच नाही आता. सगळे रांगेत जातात, मी बाकावर बसून असते."

मी देवाधर्माचा फारसा माणूस नाही. पण एवढं समजलं की त्यांच्या लेखी हे मरणानंतरही पुरणारं होतं. वर्षभर त्या ते सोसायच्या, आणि उपवासकाळ आला की त्याला भिडायच्या. जेवण कमी, कादंबरी बंद, चालणं, मूठभर तांदूळ, सगळं त्या एका ओळीसाठी. ईस्टर यायचा, त्या एसटीचं तिकीट घातलेली कादंबरी न्यायला यायच्या, मी त्यांच्या तोंडाकडे पाहायचो. त्या मान हलवायच्या. नाही.

उपवासकाळाची सुरुवात राखेच्या बुधवारी होते. त्या दिवशी बाई अर्धी रजा घेऊन कल्याणला जायच्या आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन दुपारी एसटी स्टँडवर उतरायच्या. भाजीवाली जनाबाई दरवर्षी तीच थट्टा करायची. "गो बाई, आमची होळी अजून पेटली नाय, न् तुमी आधीच धुळवड केली?" एकदा बाईंनी तिला नीट सांगितलं की ही राख म्हणजे, माती आहेस, मातीत जाणार आहेस, चुकलंय ते कबूल कर. जनाबाईने ऐकून घेतलं आणि स्वतःच्या पद्धतीने बाजारभर सांगितलं, "बाईंच्यात गुन्हा केला का राख लावतात, मग तो सुटतो."

हे बोलणं वैशाखऱ्यापर्यंत पोचलं.

त्या वर्षी धुळवडीच्या सकाळी आम्ही ओट्यावर होतो. चाळीतली पोरं राखेने माखून बोंबा मारत होती. एक माणूस करवंटी दोन्ही हातांनी धरून आला. हडकुळा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो बाईंच्या दारासमोर थांबला तेव्हा पोरं आपोआप गप्प झाली. बाई बाहेर आल्या. त्यांनी त्याला कोर्टात पाहिलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्यात म्हनं राख लावतात. मी आनलीय. आमच्या होळीची हाय. चालंल ना?" त्याने करवंटी पुढे केली आणि टॉवेल काढून डोकं वाकवलं. "लावा बाई."

बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता. चौकटीवरचा हात मात्र दिसत होता.

"राख मी लावत नाही," त्या म्हणाल्या. "ती फादर लावतात." आणि दार लावून घेतलं.

बोलणं खरं होतं. गणपत थोडा वेळ तसाच वाकून उभा राहिला, मग करवंटी पायरीवर ठेवून गेला. सुमन म्हणाली, "काय झालं असतं एक बोट टेकवलं असतं तर?" मी तिला गप्प केलं. पलीकडे सगळं ऐकू जातं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

पुढच्या वर्षीही तो आला. त्यानंतरही. आता तो हाक मारत नसे. धुळवडीला येऊन करवंटी पायरीवर ठेवायचा, टॉवेल काढून जरा उभा राहायचा आणि जायचा. बाई आत असायच्या. दार लोटलेलं, कडी न घातलेली. ती राख त्यांनी कधी झाडून टाकली नाही, आणि उचलूनही घेतली नाही. वारा न्यायचा. रिकामी करवंटी सुमन उचलायची.

आणि मग एका धुळवडीला तो आलाच नाही.

त्या दिवशी बाईंचं दार सकाळपासून सताड उघडं होतं. उंबऱ्याशी पाट घेऊन त्या तांदूळ निवडत बसल्या. तांदूळ निवडून झाले तरी उठल्या नाहीत. दुपारी पोरं नदीवरून अंघोळ करून परतली. बाईंनी मला हाक मारली. "तो आला नाही."

"कोण?" मी उगाच विचारलं.

"चौकशी करा ना."

वैशाखऱ्याच्या एसटी कंडक्टरकडून कळलं की गणपतची उजवी बाजू वाऱ्याने गेली आहे. अंथरुणावर आहे. मी बाईंना सांगितलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. हातात पितळेचा डबा होता. "आज वाट जरा लांब आहे. सोबत येता?"

आम्ही एसटीने गेलो. मोरी आली तेव्हा त्यांनी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली आणि उतरल्या. कठड्यापाशी उभ्या राहिल्या. खाली वाळलेलं गवत होतं, एक म्हैस चरत होती. नेहमी एकेका ठिकाणी क्षणभर थांबणाऱ्या बाई तिथे बराच वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "चला," आणि पुढे चालू लागल्या.

गणपतची बायको यशोदा अंगण शेणाने सारवत होती. बाईंना ओळखलं तशी घाबरून उठली. "बाई, आता काय ऱ्हायलंय आमच्यात? आता तरी सोडा." गणपत ओटीवर खाटेवर पडलेला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं. बाईंना पाहून उठायची धडपड करू लागला.

"राख आहे का?" बाईंनी यशोदेला विचारलं.

"होळीची नाय उरली."

"चुलीतली आण."

यशोदेने ओंजळीत राख आणली. बाई खाटेशी गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी आपलं कपाळ त्याच्यापुढे केलं. "आधी मला लाव."

त्याला कळेना. "मी? तुमाला?"

"तू दारात यायचास आणि मी आत बसून राहायचे. लाव."

चांगला राहिलेला डावा हात त्याने राखेत बुडवला. अर्धी राख कपाळावर गेली, अर्धी डोळ्यात. बाईंनी डोळा चोळला, पाणी वाहू दिलं. मग त्यांनी बोट राखेत टेकवलं आणि त्याच्या कपाळाशी नेलं. ते बोट मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ते हवेत थांबलं. यशोदा माझ्याकडे बघू लागली, जणू मी काही सांगू शकणार होतो. शेवटी बाईंनी ते टेकवलं आणि एक आडवी, एक उभी रेघ काढली.

"माफ केलं का, बाई?" त्याचे शब्द नीट फुटत नव्हते.

"नाही," बाई म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही. अजून झालेलं नाही माझ्याने. पण येत राहीन."

त्या संध्याकाळीही भिंतीपलीकडे तो खंड पडलाच. मला राग आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. एवढं करूनही जर ती ओळ उघडत नसेल तर या बाईने आणखी काय करायचं?

त्या मात्र जात राहिल्या. त्या उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी, आणि पुढच्याही वर्षी. पितळेच्या डब्यातल्या मूठमूठ तांदळाची पेज यशोदेच्या चुलीवर करायच्या आणि गणपतला भरवायच्या. चौदावं ठिकाण आता त्याच्या ओटीवर होतं. शेवटी तिथेच बसून प्रार्थना म्हणायच्या आणि तिथेही त्या ओळीपाशी गप्प व्हायच्या. "बाई अशा मधीच का थांबतात?" असं यशोदेने एकदा मला बाजाराच्या दिवशी विचारलं. मी म्हटलं, "त्यांनाच विचार." तिने विचारलं असावं.

त्यांचं हृदय कमजोर झालेलं होतं हे डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. तो दुसरा उपवासकाळ संपत आला होता. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पहाटे त्या कल्याणला जायला उठल्या नाहीत. सुमनने दार ठोठावलं, मग मी मधल्या भिंतीवरून आत उतरलो.

कल्याणच्या दफनभूमीत वसईहून त्यांचे भाऊ आले होते, शाळेतली मंडळी होती. यशोदाही आली होती. सगळ्यांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन उभी होती. सर्वांनी मिळून ती प्रार्थना म्हटली. मीही म्हटली, आणि त्या ओळीपाशी सवयीने थांबलो. आजूबाजूला सगळे एका सुरात ती ओळ म्हणून पुढे गेले.

बाहेर पडताना यशोदा जवळ आली. "दादा, एक इचारू? ह्या शुक्रवारी बाई म्हनल्या, आज बोट फुडं सरकलं. मना काय समजला नाय. यांना पेज भरवून झाली, देवाचं म्हनलं, न् मंग तसं बोलल्या. बोटाला काय झाला होता का त्यांच्या?"

"नाही," मी म्हणालो. "कुठपर्यंत सरकलं ते म्हणाल्या?"

"नाय. तेवढंच बोलल्या न् टाइम झाला म्हनून उठल्या."

एक शब्द की सगळी ओळ, ते मला आता कधीच कळणार नाही. भावांनी त्यांचं सामान नेलं. ती कादंबरी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, तिकिटासकट. मी ती कुणाला दिली नाही.

त्या शुक्रवारी मी वाचनालयाच्या खिडकीतून त्यांना पाहिलं होतं. वैशाखऱ्याची एसटी स्टँडवर आली, त्या शेवटी उतरल्या. ऊन उतरलं होतं. रिकामा डबा काखेत धरून त्या स्टँडच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या, कदाचित दम लागला असेल. भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक रंगवलेलं होतं. त्या ते वाचत होत्या, म्हणजे निदान तसं वाटत होतं, कारण त्यांचं बोट एका ओळीखाली टेकलेलं होतं. त्या दिवशी आणखी कुठल्या गाडीने त्यांना जायचं नव्हतं. मी हाक मारणार होतो, पण ओठ हलताना दिसले म्हणून थांबलो.

थोड्या वेळाने त्यांनी बोट उचललं, पदराने पुसलं आणि घराकडे चालू लागल्या.